बी. ए.च्या पदवीवर प्रादेशिक सेनेत अधिकारी होता येते का? मराठवाड्यातून एक विचारणा

येडशीकर

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातला आहे. इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. केले, त्यानंतर इतिहासात एम. ए. केले आणि गेली चार वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत आहे. वय 29 आहे. घरी पाच एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन आणि तूर ही आमची पिके आहेत.

सैन्यात जाण्याची इच्छा शाळेपासूनची आहे. परंतु आमच्याकडे दहावीला बरे गुण पडलेल्या मुलाने विज्ञान शाखाच घ्यायची आणि लातूरला शिकवणीला जायचे, असा जणू नियमच आहे. मी कला शाखा घेतली तेव्हा "आता याचे काय होणार" हा प्रश्न नातेवाइकांनी माझ्यासमोरच वडिलांना विचारला होता. सैन्यात अधिकारी होण्यासाठी सीडीएस नावाची परीक्षा असते आणि ती बी. ए. झालेल्यालाही देता येते, हे मला समजले तेव्हा माझे पंचविसावे वर्ष उलटून गेले होते. गावात पोलीस भरतीचे ग्राउंड करणारी मुले पुष्कळ आहेत, पण पदवीधराला अधिकारी होण्याचा मार्ग असतो हे सांगणारे कोणी नव्हते. याची खंत अजूनही वाटते.

अलीकडे प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, जाहिरात वाचनात आली. तीत वयाची मर्यादा 18 ते 42 आहे आणि कोणत्याही शाखेची पदवी चालते असे लिहिले आहे. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना वाटले की मी जालन्याच्या किंवा हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलाबद्दल बोलत आहे. ते दल वेगळे आणि हे सैन्य वेगळे, एवढे मी समजावू शकलो. त्यापुढचे मलाच नीट ठाऊक नाही. कला शाखेच्या पदवीला तिथे खरोखर किंमत आहे का, नोकरी सांभाळून हे कसे करतात आणि माझ्यासारख्याने यात पडावे का, या तीन गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात अशी विनंती आहे.

मांजराकाठ

येडशीकर, तुम्ही विचारलेत हे चांगले केले. मी मराठी साहित्याचा बी. ए. आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक असताना वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला प्रादेशिक सेनेत कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाले आणि मेजर या हुद्द्यावर असताना मी सेवा थांबवली. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रादेशिक सेनेचा कायदा 1948 सालचा, म्हणजे आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला त्याच वर्षीचा आहे. 9 ऑक्टोबर 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्यांनी भाग घेतला आहे. एरवी आपापल्या नोकरीधंद्यात असलेल्या नागरिकांनी दरवर्षी ठरावीक काळ लष्करी प्रशिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडेल तेव्हा गणवेशात हजर व्हावे, ही तिची मूळ कल्पना आहे. त्यामुळे तिथे पदवीच्या शाखेपेक्षा आधी दुसरी अट पाहिली जाते: उमेदवाराला स्वतःच्या उपजीविकेचे साधन असले पाहिजे. सरकारी नोकरी, खासगी नोकरी, स्वतःचा व्यवसाय, यांपैकी काहीही चालते, पण ते कागदावर सिद्ध करावे लागते. नियमित सैन्यात, पोलिसांत किंवा निमलष्करी दलात सेवेत असलेल्यांना मात्र अर्ज करता येत नाही.

आता पदवीबद्दल. कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची, कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी असते आणि निवडीच्या कोणत्याही टप्प्यावर अभियंत्याला बी. ए. झालेल्यापेक्षा वेगळा गुण मिळत नाही. लेखी परीक्षेत तर्कक्षमता, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग असतात. प्रत्येक भागात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के गुण लागतात. चुकलेल्या उत्तराला गुण वजा होतात. सामान्य ज्ञानात इतिहास, राज्यघटना, भूगोल आणि चालू घडामोडी येतात, म्हणजे तो भाग तुमच्या घरचा आहे. आपली मुले अडतात ती गणितात आणि इंग्रजीत. माझेही तेच झाले होते. दहावीनंतर मी गणिताचे पुस्तक उघडले नव्हते, म्हणून सहा महिने आमच्याच शाळेतल्या गणिताच्या सरांकडे शाळा सुटल्यावर बसलो. शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, क्षेत्रफळ एवढ्यावर पकड आली की भीती जाते.

लेखीनंतर मुलाखत, मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या, आणि शेवटी वैद्यकीय तपासणी असते. निवड झाल्यावर लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळते. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांच्या आत चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत तीन महिन्यांचे प्रशिक्षण, असा क्रम असतो.

कला शाखेचा तिथे प्रत्यक्ष काय उपयोग, हे अनुभवातून सांगतो. अधिकाऱ्याचा बराचसा दिवस माणसांबरोबर जातो. माझ्या कंपनीत बीड जिल्ह्यातला एक जवान होता. रजेवरून परतल्यापासून तो गप्प असे, नेमबाजीही बिघडली होती. दोन संध्याकाळी बोलल्यावर कळले की चुलत्याने बांध कोरला आहे आणि घरी म्हातारी आई एकटीच तहसीलच्या चकरा मारते आहे. त्याच्या वतीने जिल्हाधिकाऱ्यांना पाठवायचे पत्र मी तयार केले. सातबारा, फेरफार, मोजणी यांचा उल्लेख कुठे आणि कसा यायला हवा हे मला गावात वाढल्यामुळे आणि भाषा शिकल्यामुळे जमले. माणसाचे ऐकून घेणे आणि ऐकलेले नेमक्या शब्दांत मांडणे, हे मी साहित्याच्या वर्गात शिकलो होतो आणि सैन्यात ते रोज वापरले.

निवृत्त सुभेदार, नांदेड

मेजरसाहेब, रामराम. मी नियमित सैन्यात 26 वर्षे काढली आणि काश्मीरमध्ये टीएच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, बटालियनसोबत काम केले आहे. ती माणसे आमच्यापेक्षा कमी पडताना मी पाहिली नाहीत, हे आधी नमूद करतो. परंतु येडशीकरांनी दुसरी बाजूही समजून घ्यावी, कारण ती न समजता आपली मुले अर्ज करतात आणि मागाहून घरात अडचण येते.

ही पूर्णवेळची नोकरी नाही. तुम्ही शिबिरात असता किंवा सेवेसाठी बोलावलेले असता तेवढ्याच काळाचा पगार मिळतो. तो पगार नियमित अधिकाऱ्याइतकाच असतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचे मूळ वेतन 56,100 रुपये आणि त्यावर 15,500 रुपये सैनिकी सेवा वेतन आहे. पण शिबिर संपवून घरी आलात की पुढचे दहा महिने सेना काही देत नाही. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याची प्रत्यक्ष गणवेशातली सेवा 20 वर्षे भरावी लागते. मध्ये घरी घालवलेली वर्षे त्यात धरत नाहीत. म्हणून ज्याच्या घरची चूल याच पगारावर पेटणार आहे, त्याने हा रस्ता धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की, "वर्षाला दोन महिने" हे वाक्य ऐकून कोणी निश्चिंत होऊ नये. सेवेसाठी बोलावणे आले की जावेच लागते, आणि पायदळाच्या कित्येक बटालियन वर्षानुवर्षे काश्मीरमध्ये आणि ईशान्येत तैनात असतात. मे 2025 मध्ये पाकिस्तानबरोबर संघर्ष पेटला तेव्हा केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियम 1948 मधील नियम 33 प्रमाणे लष्करप्रमुखांना टीएच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला आणि 32 पैकी 14 पायदळ बटालियन तैनात करण्यास मान्यता दिली. पेरणीच्या तोंडावर निघून जाण्याची तयारी तुमची आणि घरच्यांची आहे का, हे वडिलांना समोर बसवून विचारा. वडील हो म्हणाले तर माझा सॅल्यूट घ्या.

येडशीकर

मेजर सर, सुभेदार काका, दोघांचेही मनापासून आभार. काकांचे म्हणणे मी वडिलांना वाचून दाखवणार आहे. एक अडचण मात्र तातडीची वाटते. तासिका तत्त्वावरचे मानधन वर्षात सातआठ महिनेच मिळते आणि तेही उशिरा मिळते. याला उपजीविकेचे साधन मानतील का? शिवाय माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी वाचतो, पण बोलताना अडखळतो.

जालनेकर

मी यातल्या दोन्ही पायऱ्यांवर पाय घसरलेला माणूस आहे, त्यामुळे कदाचित उपयोगी पडेन. मी राज्यशास्त्राचा पदवीधर आहे आणि एका वित्तसंस्थेत कर्मचारी आहे. लेखी परीक्षा पुण्याला जाऊन दिली, उत्तीर्ण झालो, मुलाखतीतूनही पुढे गेलो आणि भोपाळच्या एसएसबीत पहिल्याच दिवशी परत पाठवला गेलो.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणीनंतर एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते आणि नंतर ती गटासमोर सांगून चर्चा करायची असते. मी गोष्ट उत्तम लिहिली होती असे मला आजही वाटते. गटात मात्र सर्व जण इंग्रजीत एकदम बोलू लागले आणि मी "आपल्याला चुकीचे व्याकरण बोलायचे नाही" या हट्टाने योग्य वाक्य जुळवत बसलो. चर्चा संपली तेव्हा मी दोन वाक्ये बोललो होतो. माझ्याच गटातला बिहारमधला एक मुलगा माझ्यापेक्षा कच्चे इंग्रजी बोलत होता, तरी त्याने इतरांचे ऐकले, एका अबोल मुलाला बोलण्यास सांगितले, आणि तो निवडला गेला. इंग्रजी कच्चे असल्याने मी पडलो नाही, गप्प राहिल्याने पडलो. येडशीकर, तुम्ही वर्गात चार वर्षे उभे राहून बोलता आहात. तुमचे भांडवल माझ्यापेक्षा मोठे आहे. रोज संध्याकाळी एखाद्या मित्राबरोबर अर्धा तास इंग्रजीत बोला, विषय शेतीचा असला तरी चालेल.

जे पुढे जातात त्यांची मानसशास्त्रीय चाचणी होते. त्यात 12 चित्रांवर गोष्टी, प्रत्येकी 15 सेकंदांत 60 शब्दांवर वाक्ये आणि 30 मिनिटांत 60 प्रसंगांवर प्रतिक्रिया लिहायच्या असतात. त्यानंतर मैदानावरची गटकार्ये आणि मुलाखत असते. कथा-कादंबऱ्या वाचलेल्या मुलाला यातले लेखन जड जाऊ नये. मैदानावरच्या कामांसाठी मात्र पुस्तक उपयोगाचे नाही. तिथे फळ्या, दोर आणि पिंपे वापरून गटाला अडथळ्यापलीकडे न्यायचे असते आणि ज्याने गावात विहिरीवर मोटार चढवताना पाचसहा जणांबरोबर हात लावला आहे, त्याला त्यातले मर्म लवकर कळते.

आता माझी दुसरी अडचण. मी पुन्हा अर्ज करण्याचे ठरवले तेव्हा संस्थेने ना हरकत प्रमाणपत्र देण्यास नकार दिला. "दरवर्षी दोन महिने तुमचे टेबल कोण सांभाळणार" असे मला तोंडी सांगण्यात आले, लेखी काहीच मिळाले नाही. माझी ती संधी त्यातच गेली. अर्जाची मुदत सुरू झाल्यावर परवानगी मागण्याची चूक मी केली. ती जाहिरातीच्या चारपाच महिने आधी मागायला हवी होती.

मांजराकाठ

जालनेकर, तुमच्या बाबतीत जे झाले ते वाचून वाईट वाटले, कारण कायदा याबाबत उमेदवाराच्या बाजूचा आहे. टीएच्या कायद्यात कलम 7 अ आहे. सेवेसाठी बोलावल्या गेलेल्या माणसाला ती सेवा संपल्यावर पूर्वीच्या नोकरीत, पूर्वीपेक्षा कमी नाही अशा अटींवर परत घेण्याचे बंधन ते मालकावर घालते. भविष्य निर्वाह निधीचे हक्कही राखले जातात. मात्र हे संरक्षण सेनेत गेल्यानंतरचे आहे. अर्ज करतानाच परवानगी नाकारणाऱ्याला ते थेट लागू पडत नाही आणि खासगी नोकरीतली पुष्कळ मुले नेमकी तिथेच अडकतात. ही उणीव दूर व्हायला हवी असे मला कळकळीने वाटते. मालकाशी बोलायला जाताना कलम 7 अ ची प्रत सोबत न्या. समोरच्याला हा कायदा ठाऊक नसणे हेच बहुतेक वेळा नकाराचे कारण असते.

येडशीकर, तुमच्या तासिकांविषयी सांगायचे तर, केवळ त्या मानधनावर विसंबू नका. तुम्ही वडिलांबरोबर शेती करता. स्वयंरोजगार असलेल्या उमेदवाराला कामाचे स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न नमूद केलेले प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून द्यावे लागते. महाविद्यालयाचा दाखला आणि असे प्रतिज्ञापत्र, दोन्ही तयार ठेवा. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर उत्पन्नाचा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारला जाईल. आयकर विवरणपत्र आजवर भरले नसेल तर या वर्षापासून भरण्यास सुरुवात करा. निवड मंडळाला गरिबीची अडचण नसते, पण बेरोजगार माणूस पगाराच्या आशेने आला आहे का, याची ते कसून चौकशी करतात.

पूर्णाकाठची

मी परभणीची आहे, भूगोलात एम. ए. केले आहे आणि एका खासगी शाळेत नोकरीला आहे. स्त्रियांना हा मार्ग खुला आहे का? माझ्या मोठ्या भावाने "ते फक्त मुलांचे आहे" असे सांगून विषय संपवला.

मांजराकाठ

ताई, तुमच्या भावाचे म्हणणे काही वर्षांपूर्वीपर्यंत खरे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये निर्णय दिला की कायद्यातील "कोणतीही व्यक्ती" या शब्दांत स्त्रियाही येतात आणि त्यानंतर जाहिराती दोघांसाठी निघू लागल्या. अट, वय, परीक्षा सारे सारखेच आहे. जागा मात्र फारच थोड्या असतात: 2025 च्या जाहिरातीत एकूण 19 जागा होत्या, त्यांपैकी स्त्रियांसाठी 1. सबंध देशातून एक. हा आकडा तुम्हाला निराश करण्यासाठी सांगत नाही, पण तो लपवणेही योग्य नाही. तुमचे वय पंचविसाच्या आत असेल तर याच्या आधी सीडीएसमधून चेन्नईच्या अकॅडमीचा प्रयत्न करा. तिथे कला शाखेच्या मुलींसाठी जागा यापेक्षा जास्त असतात. महाविद्यालयात एनसीसीचे "सी" प्रमाणपत्र मिळवले असेल आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणारी एनसीसी विशेष प्रवेश योजनाही आहे.

पूर्णाकाठची

वय 24 आहे आणि "सी" प्रमाणपत्र आहे. दोन वर्षे ते कपाटात पडून आहे, त्याचा असा उपयोग असतो हे आज कळले. भावाला हा धागा वाचायला देते.

वेरूळच्या वाटेवर

भूगोलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. प्रादेशिक सेना म्हटले की सर्वांना सीमाच आठवते, पण तिची एक बटालियन आपल्या छत्रपती संभाजीनगरलाच आहे: 136 इन्फंट्री बटालियन (टीए) इको, महार. ही पर्यावरणाचे काम करणारी बटालियन आहे. अशी पहिली बटालियन 1982 मध्ये देहरादूनला उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी बोडक्या झालेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिने झाडे लावली. आपल्याकडच्या बटालियनचे जवान दौलताबादच्या बाजूच्या माळरानांवर खड्डे खणताना आणि रोपांना पाणी घालताना मी पाहिले आहेत. तिथली जमीन म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पावसाळ्यात रोप लावणे सोपे असते, पुढचे दोन उन्हाळे ते जगवणे हे खरे काम असते, आणि शिस्तीने रोज तेच काम करणारी माणसे तिथे आहेत. जवान बहुतेक माजी सैनिक असतात, अधिकारी टीएचे असतात. भूगोल, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला गावकऱ्यांशी चराईबंदीबद्दल बोलणे, पाण्याचा उतार ओळखणे, जुन्या तळ्यांची माहिती काढणे हे सारे तिथे करता येईल. दुष्काळाच्या प्रदेशात हेही देशरक्षणच आहे, असे मी मनापासून मानतो.

निवृत्त सुभेदार, नांदेड

जे अधिकारी होऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी एक माहिती देतो. टीएत जवान म्हणूनही 18 ते 42 या वयात जाता येते. कोल्हापूरची 109 आणि पुण्याची 101 या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत; भरती मेळाव्यांच्या तारखांवर लक्ष ठेवा. बी. ए. झालेल्या मुलाने जवान म्हणून जाण्यात कमीपणा मानू नये. आणि तयारीसाठी हजारो रुपये भरण्याआधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सीडीएस आणि एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतात आणि राहण्या-जेवणाचीही सोय असते. कोणत्या अभ्यासक्रमाला कोण पात्र आहे ते कार्यालयात विचारून घ्या. आपल्याकडची मुले तिथे फार कमी दिसतात, याचे मला वाईट वाटते.

येडशीकर

काल रात्री जेवणानंतर वडिलांना काकांचा पूर्ण प्रतिसाद वाचून दाखवला. पेरणीचा प्रश्न आला तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की पेरणी चुलत भाऊ करून देईल, पण तासिकांच्या भरवशावर लग्न होणार नाही आणि टीएच्या भरवशावरही होणार नाही, तेव्हा आधी एक पक्के काम पाहा.

त्यांचे म्हणणे मला पटले आहे. म्हणून असे ठरवले आहे की, या हंगामात शेतीला जोडून दूध संकलनाचे काम स्वतःच्या नावावर सुरू करायचे, वर्षअखेर विवरणपत्र भरायचे आणि अर्ज पुढच्या जाहिरातीला करायचा. तोवर मी 31 वर्षांचा होईन, म्हणजे हातात आणखी अकरा वर्षे राहतील. गणितासाठी आमच्या महाविद्यालयातल्या सरांना विचारले, त्यांनी सोमवारपासून बोलावले आहे. जालनेकर, आपण दोघांनी आठवड्यातून तीनदा फोनवर इंग्रजीत बोलावे का? तुम्हालाही पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर.

जालनेकर

करायचा आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रात्री नऊ वाजता. संस्थेकडे परवानगीचा अर्ज या वेळी लेखी देतो आणि पोच घेतो.